आईचा उरलेला डोळा

जुलैची अठरा तारीख, शुक्रवार. रक्कम तीन हजार रुपये, रोख. हजर माणसं तीन: आई, तिची धाकटी बहीण म्हणजे माझी मावशी, आणि मी. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बुऱ्हाणपुरातल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात हे पैसे आगाऊ भरले. एकूण खर्च चौदा हजार सांगितला होता. उरलेले अकरा हजार ऑपरेशनच्या सकाळी द्यायचे होते. तारीख मिळाली दोन ऑगस्ट, शनिवार. मोठे सर्जन बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच येतात, त्यामुळे तारीख आपल्या सोयीने मिळत नाही.

पैसे आईचे होते, वडिलांच्या पेन्शनीतून तिने बाजूला ठेवलेले. मी देतो म्हटलं तर म्हणाली, "डोळा माझा, तर पैसाही माझा." पावती तिच्याच नावाने झाली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता कोणी मोठं मानत नाही. सकाळी नेतात, दुपारी घरी आणतात. पण आईला डोळा एकच आहे. डावा सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने गेला. तो दुखला नाही, लाल झाला नाही. कडेकडेने दिसणं कमी होत गेलं, आणि आम्हाला कळलं तेव्हा परत आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजव्यात मोतीबिंदू. त्या उजव्या डोळ्याने तिला खिडकी दिसायची, गॅसची ज्योत दिसायची, हातभर अंतरावर आलो तर माझं तोंड दिसायचं. तेवढ्यावर ती घरात वावरत होती, डाळ-तांदूळ निवडत होती. ऑपरेशनला मात्र तीन वर्षं नाही म्हणत होती.

तिला तयार केलं मावशीने. मावशी जवळच्याच दापोरा गावची, तिच्या घरची केळी आहे. आठ-पंधरा दिवसांनी ती बुऱ्हाणपुरातल्या लालबागेत आमच्याकडे चक्कर मारते. एकदा जेवताना तिने घास थांबवला आणि तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"जिजी, तू डाळ निवडते की डाळीत खडे मिसळते व? मागच्या खेपेला माझी दाढ हलली. तो डोळा तरी नीट कर, नाही तर मले दात बसवून दे."

"दात महाग आहेत," आई म्हणाली. "डोळाच करते."

असं ते ठरलं. तीन वर्षं मी जे सांगून थकलो, ते एका खड्याने झालं.

पैसे भरल्यानंतरच्या सोमवारी बायको शाळेतून आली ती डोळा चोळतच. ती प्राथमिक शाळेत शिकवते, आणि त्या आठवड्यात तिच्या वर्गात बरीच मुलं डोळे आलेली होती. "वाळूचा कण गेल्यासारखं वाटतंय," म्हणाली. मी टॉर्च लावून पाहिलं, कण नव्हता. सकाळी तो डोळा लालभडक होता, पापणी सुजली होती, पाणी गळत होतं आणि कानाच्या पुढे एक दुखरी गाठ आली होती. बुधवारपर्यंत दुसराही तसाच झाला.

आईचे पैसे भरले होते त्याच दवाखान्यात तिला नेलं. तिथे रोज बसणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ये वायरस वाला है. इसकी कोई दवा नहीं, दिन पूरे करने पड़ते हैं."

मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. डोळे येतात ते एकाच कारणाने नाही. घट्ट पिवळा पू येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर बहुधा जिवाणूंचं असतं, त्याला अँटिबायोटिकचे थेंब चालतात. धूळ किंवा परागाने येतात तेव्हा दोन्ही डोळ्यांना नुसती खाज सुटते आणि ते दुसऱ्याला लागत नाहीत. पाणी गळणं, टोचणं, कानापुढची गाठ, हे विषाणूचं. ते दोन-तीन आठवड्यांत आपलं आपण जातं. तोवर थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या आणि डोळा ओला ठेवणारे साधे थेंब घालायचे. नुसतं डोळ्यांत पाहून काही होत नाही. काळा चष्मा उजेड सोसावा म्हणून. लागतं ते हातांनी, टॉवेलने, उशीने. शेवटी त्यांनी बजावलं की दुकानातून मनाने थेंब आणू नका आणि कोणाचे उरलेले तर मुळीच नको. काहींत स्टेरॉइड असतं, त्याने लाली पटकन जाते पण आत बुबुळाला इजा होऊ शकते.

"आणि माझ्या आईचं दोन तारखेला ऑपरेशन आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागदावरून मान वर केली. "एक ही आँख है ना उनकी? उन्हें अलग रखिए."

घर आमचं तीन खोल्यांचं. मुलगी शिकायला बाहेर असते, म्हणजे माणसं तीन. बायकोला मागच्या खोलीत हलवलं, आई पुढच्या खोलीत. स्वयंपाक माझ्याकडे आला. टॉवेल वेगळे, साबण वेगळे, उशांचे अभ्रे रोज धुवायचे. कड्या, नळ, दिव्यांची बटणं सकाळ-संध्याकाळ पुसायची. मी एका सायझिंगच्या कारखान्यात, म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात तिथे, हिशेब लिहितो. प्रत्येक नोंद बरोबर असली की बेरीज बरोबर येते, अशी माझी तीस वर्षांची समजूत. आईला हे सगळं पाहून करमणूक वाटली.

"माणसं तीन अन् टॉवेल सात," ती म्हणाली. "पाटी लाव बाहेर, लोकांचेही कपडे घे धुवायला."

शुक्रवारी मी कारखान्यात असताना मावशी आली. सूनबाईचे डोळे आल्याचं तिला फोनवर कळलं होतं. येताना तिने ओल्या गोणपाटात गुंडाळून केळीच्या खोडाचा हातभर तुकडा आणला. आमच्या तापीकाठच्या केळीवाल्यांचं हे एक असतं. घड उतरला की खोड तोडतात, त्याचे पदर सोलत गेलं की आत पांढरा, गुळगुळीत गाभा निघतो, बर्फासारखा गार. पोळलं-भाजलं, ऊन लागलं, डोकं तडकलं की त्याच्या चकत्या करून ठेवतात. डोळे आले तरी ठेवतात. त्यात औषध काही नसेल, पण गारवा खरा असतो, आणि डॉक्टरीणबाईंनीही गारवाच सांगितला होता.

सहा वाजता मी घरी आलो. पुढच्या खोलीत एकाच सतरंजीवर आई आणि बायको शेजारी-शेजारी उताण्या पडल्या होत्या. दोघींच्या डोळ्यांवर पांढऱ्या चकत्या. मध्ये मावशी बसलेली, पुढ्यात पातेलं, त्यात माठातलं पाणी आणि पाण्यात आणखी चकत्या. ती एक चकती उचलायची, पाण्यात सोडायची, दुसरी काढून ठेवायची. बायको झोपली होती. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल दिसला.

मी दारातच उभा राहिलो. "मावशी, पाणी एकच आहे?"

"मग काय दोन विहिरी आणू?" मावशी म्हणाली. "हळू बोल, सूनबाईचा आत्ता डोळा लागला."

"आईला कशाला ठेवल्या?"

"मीच म्हटलं," आई चकत्यांखालून बोलली. "माझाही डोळा दुपारपासून जड होता. लई गार वाटतं रे."

"आईच्या चकत्या कोणत्या? हिच्या कोणत्या?"

मावशीने पातेल्यात पाहिलं. चकत्या सगळ्या सारख्या होत्या. तिचा हात पाण्यावर तसाच राहिला.

"मी आधी जिजीलेच ठेवल्या भाऊ," ती म्हणाली. "चांगल्या डोळ्याला आधी, मग आलेल्या डोळ्याला. बराबर केलं ना मी?"

"आणि गरम झाल्यावर?"

"पाण्यात."

"आणि पाण्यातून?"

बायको जागी झाली, चकत्या काढून उठून बसली आणि लाल डोळ्यांनी आमच्याकडे पाहू लागली. डोळे झाकलेले असल्यामुळे तिला काहीच दिसलं नव्हतं. आईसाठी वेगळं पाणी घेतलं असेल असं ती धरून चालली होती. मावशीने पातेलं उचललं, मोरीत नेऊन ओतलं आणि तिथेच उभी राहिली.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता करण्यासारखं काही नाही, हात-तोंड धुवा आणि वाट पाहा. येईल किंवा येणार नाही. यायचं असेल तर पाच-सात दिवसांतही येईल, जास्तही लागतील. मी बोटांवर दिवस मोजले. मधे होते आठ.

हे लिहिताना एक गोष्ट नमूद करायला हवी. आईला त्या पातेल्यातूनच लागलं हे मला सिद्ध करता येत नाही. बायको सोमवार-मंगळवारी घरभर वावरत होती. आई शेजारी आरतीला जाऊन आली होती. तिथेही ताटावर हात फिरवून सगळे डोळ्यांना लावतात. तरीही ते पातेलं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि मावशीच्याही गेलं नाही.

रोज सकाळी मी आईला खिडकीशी बसवून डोळा पाहत होतो. शनिवार ते बुधवार पांढराच होता. ती म्हणायची, "पाहिलास? आता चहा दे." गुरुवारी, एकतीस तारखेला, खिडकीशी आणण्याआधीच ती म्हणाली, "भाऊ, वाळू आहे रे."

दवाखान्यात फोन केला. काउंटरवरचा माणूस सभ्यपणे बोलला. आलेल्या डोळ्याचं ऑपरेशन होत नाही. बरं झालं की या, सर दर महिन्याला येतातच, पैसे जमा राहतील. त्याचं काही चुकलं नव्हतं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, मावशीचंही म्हणायला गेलं तर नाही. भांडावं असं समोर कोणी नव्हतं.

दोन ऑगस्टच्या शनिवारी आईची पापणी इतकी सुजली होती की डोळा उघडत नव्हता. उघडला तर उजेड टोचायचा. बायकोचेही असेच झाले होते, पण तिला ठाऊक होतं की हे उघडणार आहेत. आईचा दुसरा डोळा कायमचाच बंद. त्यामुळे इतरांना जे डोळे येणं असतं ते तिला आंधळं होणं होतं.

दहा दिवस ती तशी राहिली. पलंगापासून मोरीपर्यंत मी नाड्याची दोरी बांधली. ती धरून जायची. ताटात हात फिरवून वाटी कुठे आहे ते पाहायची आणि वरण सांडायची. पूर्वी सांडलं असतं तर स्वतःलाच दोन शब्द सुनावले असते, आता गप्प. भर सकाळी विचारायची, "दिवा लावला का?" मी थंड पाण्याच्या घड्या ठेवत होतो, प्रत्येक वेळी नवी घडी, वेगळं पाणी. थेंब घालत होतो. त्यांनी टोचणं घटकाभर कमी व्हायचं. बाकी काही नाही.

"खरं औषध आण ना," ती म्हणाली.

"खरं औषध नाही आई याला."

"शेजारणीकडे आहे. गेल्या वर्षी तिचे डोळे आले होते, दोन दिवसांत साफ."

शेजारीणबाई खरंच बाटली घेऊन आल्या होत्या. मी नाव वाचलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यात स्टेरॉइड होतं. मी परत केली. संध्याकाळी आई म्हणाली, "तू माझा मुलगा आहेस की कंपाउंडर?"

"बरं होईल आई. डॉक्टर म्हणाल्या."

"डॉक्टर म्हणतात औषध नाही, तू म्हणतोस बरं होईल. दोघांनी मिळून एक काय ते ठरवा." मग थोड्या वेळाने, "अन् राहिलं असंच तर?"

मी म्हटलं, राहत नाही. मला माहीत होतं की बहुधा राहत नाही. बहुधा हा शब्द मी गाळला.

बायकोचे डोळे तोवर निवळले होते. ती आईला आंघोळ घालायची, वेणी घालायची, आणि मागच्या खोलीत येऊन म्हणायची, "शाळेतून मीच आणलं हे." मी म्हणायचो, तू काय पिशवीत घालून आणलंस का. ती म्हणायची, पिशवीतून आणलं असतं तर दिसलं तरी असतं. मला मात्र शेवटपर्यंत काही झालं नाही. का झालं नाही, तेही कोणी सांगू शकलं नाही.

लाली गेली, सूज गेली, पाणी थांबलं. आईने डोळा उघडला आणि म्हणाली, "धूर कशाचा आहे?"

धूर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी टेकवून पाहिलं. बुबुळावर बारीक-बारीक ठिपके उरले होते. या विषाणूने काहींना असे ठिपके राहतात, हळूहळू विरतात; कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोवर ऑपरेशन नाही, कारण आत बसवायच्या भिंगाचं मापच नीट येणार नाही. दिन पूरे करने पड़ते हैं, हे वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं नाही, पण अर्थ तोच होता.

मावशी त्या पातेल्याच्या दिवसापासून आली नव्हती. तिचेही डोळे आले होते, हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. ती आली सप्टेंबरात. हातात काही नव्हतं, पिशवीसुद्धा नाही. उंबऱ्याशीच बसली.

आईने आवाजावरून ओळखलं. "कोण, दापोरावाली? आत ये. की तिथूनच चकत्या फेकून मारते?"

मावशी रडू लागली. "जिजी, माझ्या हातानं झालं. तुझ्या पाया पडते."

"पडू नको, मले दिसणार नाही, लाथ बसेल." एरवी आमच्याशी मला-तुला बोलणारी आई बहिणीशी बोलताना नेहमी माहेरच्या बोलीत जाते. "कोणाच्या हातानं झालं नाही व. त्या दिवशी गार वाटलं होतं, तेही तुझ्याच हातानं."

त्या दोघी तासभर हातात हात घेऊन बसल्या. मी चहा केला. मला वाटलं, आता ठीक होईल. ठिपके विरतील, तारीख घेऊ.

ठिपके विरले, पूर्ण नाही, पण पुरेसे. दिवाळीनंतर नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनीच फोन करून सांगितलं की आता सर पाहतील. आम्ही जुलैतले तेच तिघे गेलो. सर्जनांनी आईचा डोळा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "माताजी, अब कर सकते हैं. आज नाप ले लेते हैं."

आई म्हणाली, "नहीं करना."

मला वाटलं तिने प्रश्न नीट ऐकला नाही. मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं मी. नको."

"आई, तीन वर्षं थांबलो. आता सगळं बरोबर आलंय. बहुतेकांचं चांगलंच होतं."

"बहुतेकांना दोन डोळे असतात," ती म्हणाली.

सर्जनांना मराठी समजत असावं, ते खुर्चीत मागे टेकले. आई माझ्याकडे तोंड करून बोलत होती, पण थोडी बाजूला, मी जिथे नव्हतो तिथे. "मला आता खिडकी दिसते. तुझं तोंड धुरकट दिसतं, पण तोंड आहे हे दिसतं. ते दहा दिवस मी पाहून आले आहे भाऊ. तू डोळे मिटून पाहशील, पण तुला उघडता येतात. ऑपरेशनात हेही गेलं तर ते दहा दिवस मरेपर्यंत."

"जाणार नाही."

"लिहून दे."

मी सर्जनांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सौ टका कोई नहीं लिख सकता, माताजी. लेकिन नहीं कराओगे तो मोतिया पकता जाएगा. बाद में करना मुश्किल होगा, और दिखना तो कम होना ही है."

"कम होगा तब तक जितना है उतना देखूँगी."

मावशीने तिचा दंड धरला. "जिजी, माझ्यावरचा राग डोळ्यावर काढू नको व."

"तुझ्यावर राग असता तर तुला घेऊन आले असते का?" आई म्हणाली. "उठ."

मी आणखी बोललो. बाहेरच्या बाकावरही बोललो, पाऊण तास. आकडे सांगितले, डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनी समजावलं. आई सगळ्याला मान हलवत होती. ऐकून घेत होती आणि नाही म्हणत होती. तिची भीती चुकीची आहे असं मला सिद्ध करता येत नव्हतं. तिला उचलून टेबलावर ठेवता येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "माझे पैसे परत घे," आणि मी काउंटरवर गेलो.

काउंटरवरच्या माणसाने पावती पाहिली आणि म्हणाला, पावती माताजींच्या नावाने आहे, त्यांनाच द्यावे लागतील. मावशीने तिला हाताला धरून आणलं. रक्त-साखरेच्या तपासण्यांचे सहाशे जुलैतच झाले होते, ते वजा झाले. उरलेले दोन हजार चारशे त्याने मोजून आईच्या तळहातावर ठेवले. चार नोटा पाचशेच्या, चार शंभराच्या.